आर्थिक सुधारणांचे पाणी कोणाच्या शेतात?

१९९१ च्या जुलै महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि २४ तारखेस नवे औद्योगिक धोरण व नवा अर्थसंकल्प एकाच दिवशी संसदेपुढे आले. परकीय चलनाची गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरलेली असताना उचललेली ही पावले होती. त्यामुळे ती स्वखुशीची होती की नाइलाजाची, हा वाद तेव्हाही होता आणि आजही आहे. त्या घटनेस आता जवळजवळ तीन तपे होत आली. एवढ्या अवधीत राष्ट्रीय उत्पन्न कित्येक पटींनी वाढले, दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण निश्चितपणे घटले, आणि त्याच काळात श्रीमंत व गरीब यांच्यातील अंतरही वाढले. या तीन विधानांपैकी पहिल्या दोहोंबद्दल फारसे दुमत नाही. तिसऱ्याबद्दल आकड्यांचा झगडा आहे, आणि 'का वाढले' या प्रश्नाला तर आपल्याकडे बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक पक्ष म्हणतो, सुधारणांमुळे वाढले; दुसरा म्हणतो, सुधारणा अपुऱ्या राहिल्या म्हणून वाढले. दोन्ही उत्तरे दिल्लीकडे पाहून दिलेली आहेत. पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, इंदापूर-अकलूज रस्त्यावर असलेल्या बावड्यासारख्या गावाकडे पाहून हा प्रश्न विचारला, तर उत्तर काहीसे निराळे येते.

प्रथम आकड्यांविषयी. पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील वरच्या एक टक्का लोकांच्या हाती राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के व एकूण संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा होता. १९८० च्या आसपास हाच उत्पन्नाचा वाटा सहा टक्क्यांच्या घरात होता. उलट सरकारच्या कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहणीनुसार ग्रामीण भागातील विषमतेचा गिनी गुणांक २०२२-२३ मध्ये ०.२६६ होता, तो २०२३-२४ मध्ये ०.२३७ वर आला. शहरी भागात ०.३१४ वरून ०.२८४ वर. एकाच देशाची ही दोन चित्रे परस्परविरोधी वाटतात. वस्तुत: ती दोन निरनिराळ्या वस्तूंची आहेत. पहिले उत्पन्नाचे व मालमत्तेचे आहे, दुसरे खर्चाचे. माणूस कितीही श्रीमंत झाला तरी त्याच्या ताटातील भाकरी मर्यादितच राहतात. वाढते ती शिल्लक, आणि शिल्लक उपभोगाच्या पाहणीत दिसत नाही. शिवाय पाहणी करणारा कर्मचारी चाळीत सहज शिरतो. बंगल्याच्या फाटकाशी त्याला रखवालदार भेटतो. पिकेटी प्रभृतींच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत आणि त्यातील काही रास्त आहेत. प्राप्तिकराच्या आकड्यांवरून ज्या देशात बहुसंख्य लोक प्राप्तिकर भरतच नाहीत तेथील संपूर्ण वाटणीचा अंदाज बांधण्यात जोखीम आहेच. तथापि दोन्ही बाजूंची वजाबाकी केल्यावरही दिशा बदलत नाही. तळाच्या माणसाचे खाणेपिणे सुधारले. वरच्या माणसाची मालमत्ता मात्र त्याहून कितीतरी वेगाने वाढली.

सायमन कुझनेट्स या अर्थशास्त्रज्ञाने १९५५ साली असे अनुमान मांडले होते की, शेतीप्रधान देश औद्योगिक होऊ लागला म्हणजे आरंभी विषमता वाढते, काही काळ स्थिर राहते आणि मग उतरू लागते. आपल्या विद्यापीठांतून अर्थशास्त्र शिकलेल्या तीन पिढ्यांनी उलट्या 'यू' अक्षराची ती आकृती परीक्षेत काढलेली आहे. ती आकृती पुष्कळांना निसर्गनियमासारखी वाटू लागली, हे दुर्दैव. कुझनेट्सने स्वत: आपले विधान अल्प माहिती आणि पुष्कळ तर्क यांवर उभे असल्याची कबुली दिली होती. पुढे तैवान व दक्षिण कोरिया या देशांनी वेगाने औद्योगिक प्रगती केली आणि तीही विषमता फारशी वाढू न देता. ब्राझीलने १९६० व १९७० च्या दशकांत तेवढ्याच धडाक्याने प्रगती केली आणि तेथील विषमता जगात उदाहरण म्हणून सांगण्याइतकी झाली. फरक कशात होता? तैवान-कोरियात औद्योगिकीकरणाला हात घालण्यापूर्वी जमिनीचे वाटप झाले होते व प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत पोहोचले होते. ब्राझीलमध्ये यातले काहीच झालेले नव्हते. चीनचा दाखला याहून बोलका आहे. १९७८ नंतर तेथे सुधारणांचा आरंभ शेतीपासून झाला, कम्यूनची जमीन कसण्यासाठी कुटुंबांच्या हाती जवळजवळ सारख्या प्रमाणात आली, आणि पहिली काही वर्षे शहर व खेडे यांतील दरी चक्क कमी झाली. सुधारणांचा रोख शहरांकडे व किनाऱ्याकडे वळल्यावर ती रुंदावू लागली. तेव्हा बाजारपेठ मोकळी केली की विषमता वाढते किंवा घटते, असा कोणताच नियम नाही. बाजार मोकळा होतो त्या दिवशी कोणाच्या हाती काय असते, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

पाटाचे शीर आणि शेपूट

बावड्याच्या परिसरात त्या दिवशी कोणाच्या हाती काय होते? याचे उत्तर शंभर वर्षे मागे जाऊन शोधावे लागते. नीरा डावा कालवा हा १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाचे अपत्य होय. १८८५ च्या सुमारास तो वाहू लागला आणि भाटघरच्या धरणाने त्याला भरवशाचे पाणी मिळाले. पुरंदरातून बारामतीत व बारामतीतून इंदापुरात उतरणाऱ्या या पाटाने अवर्षणप्रवण मुलखाचे दोन भाग केले: पाटाखालचा आणि पाटावरचा. पाणी मिळूनही शेतकरी ज्वारी-बाजरी सोडून ऊस लावीना, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी याच कालव्यावर ब्लॉक पद्धती आणली. सासवडकडच्या माळी बागायतदारांनी खंडाने जमिनी घेऊन उसाची शेती करून दाखवली. पुढे वालचंदनगर उभे राहिले, आणि १९५० नंतर माळेगाव, भवानीनगर अशी सहकारी कारखान्यांची माळ लागली. बावडा हे या कालव्याच्या शेवटच्या अंगाचे गाव. नीरा नदी ओलांडली की पलीकडे माळशिरस तालुका, आणि पूर्वेस काही मैलांवर नरसिंहपूरचा नीरा-भीमा संगम. नकाशावर पाहणाऱ्यास हा भूभाग दोन नद्यांच्या कुशीतला, म्हणजे पाण्याने समृद्ध वाटावा. प्रत्यक्षात पाटाच्या शीराला असलेल्या शेतकऱ्यास पाळी मिळते आणि शेपटाला असलेल्यास आश्वासन मिळते. शीराकडे अतिपाण्याने जमिनी चोपण होऊन क्षार फुटावेत आणि शेपटाकडे उभे पीक वाळावे, हे दृश्य एकाच कालव्यावर एकाच उन्हाळ्यात पाहावयास मिळते.

मग शेपटाच्या शेतकऱ्याने काय करावे? ज्याच्यापाशी पैसा व पत होती त्याने नदीवर मोटार बसवली, दोन-चार मैलांची पाइपलाइन टाकली, विहिरी खोदल्या, उजनीच्या जलाशयातून उपसा केला. १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाने इंदापूर तालुक्यातील भीमाकाठची गावे पाण्याखाली घेतली, आणि त्याच जलाशयाने काठावरच्या उरलेल्या जमिनीला सोन्याचे मोल आणले. मात्र ते मोल पाणी उचलण्याची ऐपत असलेल्यालाच मिळाले. म्हणजे सार्वजनिक पैशाने अडवलेले पाणी अखेरीस खासगी भांडवलाच्या प्रमाणात वाटले गेले. येथे १९९१ चा किंवा उदारीकरणाचा काहीही संबंध नाही, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेतली पाहिजे. समाजवादी समाजरचनेच्या घोषणांच्या काळातच ही वाटणी पक्की झाली होती. १९४८ चा कुळकायदा आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा यांनी काही प्रमाणात मालकी बदलली हे खरे. परंतु वालचंदनगरसारख्या खासगी कारखान्यांची अतिरिक्त जमीन भूमिहीनांना न देता शेती महामंडळाकडे सोपविण्यात आली, आणि काही दशकांनंतर तीतील पुष्कळशी खंडकऱ्यांच्या वारसांकडे परत गेली. ज्याच्या नावे पूर्वी सातबारा नव्हता त्याच्या नावे तो या साऱ्या उलाढालीतही चढला नाही.

जमीन व पाणी यांच्या गुणाकाराने उत्पन्नाचे काय होते हे एका साध्या हिशोबाने स्पष्ट होईल. समजा, एकापाशी भरवशाच्या पाण्याखालचा दहा एकर ऊस आहे आणि एकरी चाळीस टन उतारा पडतो. दुसऱ्यापाशी शेपटाला दोन एकर आहे, दोन पाळ्या चुकल्याने एकरी पंचवीस टनच निघतात. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २८०० रुपये हाती येतात आणि एकरी मशागत, बेणे, खत, मजुरी मिळून ५० हजार खर्च होतो, असे धरू. पहिल्यास खर्च जाऊन ६ लाख २० हजार उरतात, दुसऱ्यास ४० हजार. जमिनीचे प्रमाण पाचास एक. निव्वळ उत्पन्नाचे साडेपंधरास एक. आणि हा हिशोब एका वर्षाचा झाला. पहिल्याच्या शिलकीतून ट्रॅक्टर येतो, मुलगी पुण्याला शिकावयास जाते, तालुक्याच्या रस्त्याला प्लॉट घेतला जातो. दुसऱ्याच्या चाळीस हजारांतून सोसायटीचे कर्ज नवे-जुने केले जाते.

सुधारणांनी नेमके काय केले

या तयार भूमीवर १९९१ नंतरचे धोरण उतरले. त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की, शिलकीला जाण्यासाठी अनेक नव्या वाटा मोकळ्या करून दिल्या. पूर्वी बागायतदाराची शिल्लक शेतात, सोन्यात, लग्नात किंवा निवडणुकीत जाई. आता ती शिक्षणसंस्थेत, बांधकामात, शेअरांत आणि मुख्यत: जमिनीच्या खरेदी-विक्रीत जाऊ लागली. १९९८ साली साखर उद्योग परवानामुक्त झाल्यावर सहकारी कारखान्यांच्या शेजारी खासगी कारखाने उभे राहिले. राज्यातील कित्येक आजारी सहकारी कारखाने लिलावात खासगी मालकांकडे गेले. बावड्याच्या परिसरातील उत्पादकाला त्यामुळे ऊस घालण्यास पर्याय मिळाला आणि काही हंगामांत चढाओढीने दरही बरा मिळाला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु सहकारात, निदान कागदावर, दोन एकरवाल्याला दहा एकरवाल्याइतकेच एक मत होते. त्या मताची किंमत कशी वसूल होई याची कथा सर्वश्रुत असली, तरी मत होते. खासगी कारखान्यात तो केवळ माल घालणारा आहे.

दुसरी गोष्ट उद्योगांची. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी वाहने तयार होऊ लागली, भारत फोर्जसारखे कारखाने आले, दुग्धप्रक्रियेचे मोठे प्रकल्प आले. महाराष्ट्रातील शेकडो तालुके ज्याची स्वप्ने पाहतात ते बारामतीत प्रत्यक्ष घडले. परंतु कारखाना आला म्हणजे शेतीवरचा माणूस तिकडे जाईल, हे कुझनेट्सचे गृहीत येथे अर्धेच उतरले. आधुनिक कारखाना भांडवल पुष्कळ मागतो, माणसे थोडी मागतो, आणि मागतो त्यातील बरीच ठेकेदारामार्फत मागतो. देशाच्या संघटित कारखानदारीत कंत्राटी कामगारांचे प्रमाण या शतकाच्या आरंभी वीस टक्क्यांच्या आसपास होते. अलीकडे ते चाळीस टक्क्यांपर्यंत गेले आहे. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन कामगारांपैकी एक कायम आणि दुसरा ठेक्याचा असतो व दोघांच्या पगारात कधी निम्म्याचे तर कधी तिप्पटीचे अंतर असते.

परिणामी शेतीवरचा भार हलका झालाच नाही. १९९०-९१ च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा सुमारे तीस टक्के होता. आज तो अठरा टक्क्यांच्या आसपास आहे. मात्र काम करणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोक २०२३-२४ मध्येही शेतीवरच होते. शंभरातील ४६ जणांनी १८ रुपये वाटून घ्यावयाचे आणि ५४ जणांनी ८२, असा हा मामला आहे. भागाकार केला तर बिगरशेती माणसामागे शेतीतल्या माणसाच्या जवळजवळ चौपट उत्पन्न येते. महाराष्ट्रात १९७०-७१ साली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ पर्यंत १.३४ हेक्टरवर आली. शेती करणाऱ्या जातींमध्ये पोटातल्या पोटात जी फाळणी झाली आहे तिचे मूळ येथे आहे. २०१६ सालच्या मराठा मोर्चांत लाखो लोक शिस्तीने व मूकपणे चालले, तेव्हा सत्ता ज्यांच्या हाती मानली जाते त्याच समाजाने आरक्षण का मागावे, असा प्रश्न अनेकांनी उपहासाने विचारला. कारखान्याचा संचालक आणि शेपटाचा दोन एकरवाला एकाच आडनावाचे असू शकतात, एवढी साधी गोष्ट त्या उपहासात विसरली गेली होती. आरक्षणाने ही फाळणी सांधली जाईल काय, हा वेगळा विषय. सांधली जाणे कठीण आहे, कारण ज्या सरकारी जागा आरक्षित व्हावयाच्या त्यांचीच संख्या आटत आहे.

शिक्षणाने हे अंतर तोडावयास हवे होते. रयत शिक्षण संस्थेच्या शाळांनी व फी-माफीने एके काळी ते तोडलेही. पश्चिम महाराष्ट्रातील आजच्या अनेक प्राचार्यांचे, अभियंत्यांचे, अधिकाऱ्यांचे वडील जिरायतदार होते. परंतु १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि आठ वर्षांनी सुधारणा आल्या तेव्हा ज्या ज्ञानाला बाजारात भाव येणार होता ते ज्ञान आधीच किमतीच्या चिठ्ठीसह दुकानात मांडलेले होते. ज्याच्या घरी ६ लाख २० हजार शिल्लक, त्याचा मुलगा संगणक अभियंता होऊन हिंजवडीस गेला. ज्याच्या घरी चाळीस हजार, त्याच्या मुलाने कला शाखेची पदवी घेतली आणि तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षे मोजीत बसला आहे. बुद्धीतला फरक या दोहोंत असेल वा नसेल. पाळीच्या पाण्यातला फरक निश्चित होता.

विषमतेची ही रेषा केवळ शेतकरी आणि उद्योगपती यांच्यामधूनच जाते असेही नाही. ती प्रत्येक शाळेच्या व कचेरीच्या खोलीतून गेली आहे. २००० साली महाराष्ट्राने शिक्षणसेवकाची योजना आणली. प्राथमिक शाळेत तीन हजार, माध्यमिकमध्ये चार व कनिष्ठ महाविद्यालयात पाच हजार रुपये मानधनावर तीन वर्षे सेवा! त्याच सुमारास शेजारच्या वर्गावरील सहकाऱ्याला पाचव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी लागू झालेली होती. २०२३ मध्ये ते मानधन सोळा, अठरा व वीस हजार झाले. तोवर वरिष्ठ सहकाऱ्याला सातवा आयोग मिळून गेला होता. वरिष्ठ महाविद्यालयात कायम अध्यापकाचे आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये, आणि तोच विषय, तोच वर्ग, तीच पदवी असलेला तासिका तत्त्वावरचा अध्यापक सुट्टीच्या महिन्यांत बिनपगारी. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख तर राज्यातील शासकीय नोकरवर्गाच्या कुंडलीत राहू-केतूसारखी बसली आहे. तिच्या आदल्या दिवशी रुजू झालेल्याला जुने निवृत्तिवेतन आणि नंतरच्याला अंशदानाची नवी योजना. येथे गुणवत्तेचा, कष्टाचा वा उत्पादकतेचा प्रश्नच उद्भवत नाही. सरकारला वित्तीय तूट आवरायची होती. आत असलेल्यांची संघटना बळकट होती, बाहेर असलेले विखुरलेले होते. तेव्हा काटकसर बाहेरच्यांच्या वाट्यास आली. सुधारणांच्या नावावर झालेल्या पुष्कळशा बचतीचा मार्ग हाच आहे. संघटित नोकरवर्गाने या बाबतीत बाळगलेले मौन फारसे शोभादायक नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

करांच्या बाजूनेही शासनाने वरच्या थराला मोकळीक दिली. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता; तो वेडेपणाच होता आणि त्याने काळ्या पैशाखेरीज काही पिकवले नाही. पण एक टोक सोडताना आपण दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. वारशावरील मृत्युकर १९८५ साली गेला, संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला, २०१९ मध्ये कंपन्यांच्या नफ्यावरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला गेला. साबणाच्या वडीवर मात्र कारखानदार व शेतमजूर एकाच दराने कर भरतात.

ज्याच्याकडे काहीच नव्हते तो

आतापर्यंतचे विवेचन जमीन असलेल्यांचे झाले. ज्याच्यापाशी दोन एकरही नव्हते त्याचे काय? बावड्याचे नाव या संदर्भात महाराष्ट्राच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. १९७२ साली या गावातील दलितांवर टाकलेल्या सामाजिक बहिष्काराचे प्रकरण राज्यभर गाजले. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगावच्या घटनेबरोबर बावड्याचेही नाव, त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरच्या उगमाशी जोडले जाते. जातीच्या दृष्टीने त्या प्रकरणाची चर्चा पुष्कळ झाली. त्याची आर्थिक बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. बहिष्कार हे हत्यार चालते ते एकाच स्थितीत: ज्याच्यावर तो टाकावयाचा त्याचे काम, उधारी, सरपण आणि वाट ही सर्व बहिष्कार घालणाऱ्याच्या हाती असली तरच. कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. म्हणजे वतनाचे जोखड कायद्याने गेले होते, परंतु रोजगार देणारा बांध तोच राहिला होता.

या माणसाला नव्या अर्थव्यवस्थेने काहीतरी दिले, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गावाबाहेर मजुरी मिळण्याची सोय झाली. बारामतीच्या वसाहतीत किंवा पुण्याच्या बांधकामावर ठेक्याने का होईना जाणारा तरुण गावच्या बांधावर अवलंबून नाही. त्याच्यावर बहिष्कार टाकण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. विषमतेच्या कोणत्याही गुणांकात ही गोष्ट मोजली जात नाही. असाच दुसरा अपवाद दुधाचा. दोन संकरित गाई आणि उसाचे वाढे मिळाले की अल्पभूधारकाच्या, कित्येकदा भूमिहीनाच्याही घरात दर दहा दिवसांनी 'दुधाचा पगार' येतो, आणि तो पुष्कळदा बाईच्या हाती येतो. साखरेने या मुलखात जेवढी वाटणी वर ओढली तेवढी दुधाने थोडीफार खाली आणली. कारण उघड आहे: दुधाला पाण्याची पाळी लागत नाही आणि सातबारा लागत नाही. तरीही चाऱ्यासाठी तो उसावर अवलंबून राहतोच, आणि दुधाचे दर कोसळतात त्या वर्षी सर्वांत आधी गाय विकतो तोही हाच.

पण नीरेच्या काठावरील सर्वांत तळाचा माणूस तेथला नाहीच. तो दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगरकडून येतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने मुक्काम. मुलांची शाळा अर्ध्यावर तुटलेली. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, ती अनेक संपांनंतर व वाटाघाटींनंतर. त्याच वर्षीच्या हंगामासाठी केंद्राने उसाचा रास्त व किफायतशीर भाव टनाला ३४०० रुपये ठरवला. उसाचा भाव कायद्याने बांधलेला आहे. उसाच्या शेतात राबणाऱ्या कोयत्याचा भाव संघटनेच्या बळावर, तीन-तीन, पाच-पाच वर्षांनी ठरतो. या दोन भावांमधील फरक हा महाराष्ट्रातील विषमतेचा एक संक्षिप्त नकाशा आहे. त्याची दुसरी बाजू भूगोलात आहे. राज्याच्या लागवडीखालील क्षेत्रापैकी चार टक्क्यांच्या आसपास जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे सत्तर टक्के पितो, असे कृषि खर्च व मूल्य आयोगाने नोंदवलेले आहे. दांडेकर समितीने १९८४ साली विभागीय अनुशेष मोजून दाखवला, पुढे केळकर समितीने पुन्हा मोजला. अनुशेषाच्या त्या मुलखातून दरसाल लाखो कोयते साखरेच्या मुलखाकडे चालत येतात. पाणी त्यांच्याकडे गेले नाही म्हणून ते पाण्याकडे येतात.

विषमतेवरील उपाय म्हणून हल्ली बँक खात्यात थेट रक्कम जमा करण्याकडे सर्व पक्षांचा कल आहे. त्या रकमेने चूल पेटते आणि तिला नाके मुरडण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्यांना नाही. ब्राझीलनेही २००३ नंतर 'बोल्सा फॅमिलिया'च्या रूपाने हेच केले. पण त्यासोबत किमान वेतन वर्षानुवर्षे महागाईच्या पुढे ठेवले आणि मदतीला मुलांच्या शाळेतील हजेरीची अट घातली, तेव्हा कोठे तेथील विषमता थोडी उतरली. आपल्याकडे खात्यात पैसे येतात आणि मुलगा कोपीतच राहतो. महाराष्ट्रापाशी याहून बरी देशी परंपरा होती. १९७२ च्या दुष्काळातून वि. स. पागे यांच्या विचाराने आलेल्या रोजगार हमीने मजुराला कामाचा हक्क दिला, आणि त्या कामातून पाझर तलाव, ताली, रस्ते ही सामाईक मालमत्ता उभी केली. त्या योजनेत भ्रष्टाचार नव्हता असे नाही. परंतु तिने मजुराच्या किमान मोलाला एक तळ दिला, त्याखाली बागायतदाराला जाता येईना.

नीरेच्या पाण्याचा वाद आता बारामती-इंदापूर विरुद्ध फलटण-माळशिरस असा गाजतो. २०१९ च्या जूनमध्ये डाव्या कालव्याचे वाढीव पाणी थांबवण्याचा निर्णय झाला आणि २०२० मध्ये नव्या सरकारने वाटणी पुन्हा बदलली. दोन्ही वेळी चर्चा झाली ती डावा कालवा की उजवा, एवढीच. डाव्या कालव्याच्या पोटात शीराला किती आणि शेपटाला किती, पाणीवापर संस्थांना मोजून पाणी केव्हा मिळणार, पाइपलाइनवाल्याने किती उचलले हे कोण मोजणार, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांनी काढले नाहीत. ते काढणे कोणाच्याच सोयीचे नाही.

दरम्यान ऊसतोडणीचे यंत्र शेतात उतरू लागले आहे. त्याची किंमत कोटीच्या घरात जाते आणि ते घेण्यासाठी सरकार अनुदान देते. मजुरांची टंचाई आहे, कारखाने वेळेवर चालले पाहिजेत, हा युक्तिवाद चुकीचा नाही. एक यंत्र कित्येक कोयत्यांचे काम करील. त्या यंत्राच्या मालकासाठी अर्थसंकल्पात तरतूद आहे. ज्या कोयत्यांचे काम जाईल त्यांनी कोठे जावे, यासाठी त्या योजनेत कोणतेही कलम नाही.